चांदी + तांबं + पितळ एकाच पेंडंटमध्ये: डाख देताना चांदीच वितळून गेली, काय चुकलं?

ओवी_ठाणे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज लिहायची वेळ आली कारण रविवारची आख्खी दुपार आणि साडेसहा ग्रॅम चांदी दोन्ही पाण्यात गेलं.

थोडं बॅकग्राउंड देते. मी दीड वर्षापासून घरच्या बाल्कनीत चांदीचं काम करते, वीकेंडचा एक कोर्स केला होता, बाकी यूट्यूब. साधी कानातली, अंगठ्या असं जमतं आता. पण नुसत्या चांदीचा कंटाळा आला आणि भावही असे झालेत की हात आखडतो, म्हणून ठरवलं की तीन धातू एकत्र घ्यायचे. तांब्याची गोल चकती, जुन्या रुपयापेक्षा थोडी मोठी, हातोडीने मस्त खळगे पाडलेली, तिच्यावर चांदीचं एक लांबट पान आणि पानाच्या बाजूला पितळेची कोर. कागदावर इतकं भारी दिसत होतं!

टाकणखार (बोरॅक्स) लावला, हार्ड डाखाचे (डाख म्हणजे वितळवून जोड द्यायचा मिश्रधातू, हार्ड म्हणजे जास्त तापमानाला वितळणारा) बारीक तुकडे पानाच्या कडेने ठेवले आणि गॅसची गन मारली. डाख काही पळेना, म्हणजे वितळून वाहेना. म्हटलं अजून ताव हवा असेल, मारत राहिले, आणि मग एका क्षणात पानाची कड चकाकली, थरथरली आणि पान चक्क तांब्यात बसलं. बसलं म्हणजे खाली गेलं, शोषल्यासारखं. गार झाल्यावर बघते तर तांब्याच्या चकतीलाही भोक. पितळेच्या कोरीचं तर विचारूच नका, पांढरा धूर निघाला आणि ती खडबडीत होऊन बसली.

आता पुस्तकात चांदीचा वितळबिंदू ९६१ डिग्री दिलाय आणि तांब्याचा १०८५. माझं तांबं धड केशरीसुद्धा झालं नव्हतं. मग चांदी वितळली कशी आणि तांब्याला भोक कसं पडलं??

अजून दोन प्रश्न आहेत. याआधी एक नुसतं तांब्या-पितळेचं सॅम्पल मामेबहिणीला घालायला दिलं होतं, दोन दिवसांत तिच्या गळ्याला हिरवा गोल. आणि आमच्या नेहमीच्या सोनारकाकांना डिझाइन दाखवलं तर म्हणाले, छान आहे गं पण याची मोड काय येणार. आई तर त्याच्याही पुढे, "चांदीत तांबं म्हणजे भेसळच की." काय उत्तर द्यायचं अशांना?

---

जस्त_फॉर_फन

ओवी, तुमचं काही "चुकलं" असं नाही, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं इतकंच. मीही असंच एक कडं घालवलंय.

लहानपणी पॉट आइस्क्रीम केलंय ना? बर्फात खडेमीठ घालतो, आणि बर्फ शून्याच्या खाली असूनसुद्धा वितळायला लागतो. बर्फ एकटा शून्याला वितळतो, मीठ तर एकटं आठशेच्या आसपास, पण दोघं एकमेकांना टेकले की दोघांपेक्षाही कमी तापमानाला पाणी. चांदी आणि तांब्याचं हुबेहूब तेच आहे. चांदी ९६१, तांबं १०८५, पण दोन्ही घट्ट टेकवून तापवलं तर जिथे टेकलेत तिथे ७७९ डिग्रीलाच द्रव तयार होतो. त्या द्रवात अंदाजे ७२ टक्के चांदी आणि २८ टक्के तांबं असतं. आणि एकदा थेंब झाला की तो थांबत नाही, वरून चांदी खातो आणि खालून तांबं, म्हणून तुमच्या चकतीला भोक. शोषल्यासारखं झालं म्हणालात ते अगदी बरोबर शब्दात पकडलंय.

वर अजून एक गोष्ट, ९६१ हा आकडा शुद्ध चांदीचा. तुम्ही ९२५ (हजारात ९२५ भाग चांदी) वापरत असणार, तिच्यात तांबं आधीच आहे, ती ८०० च्या वर गेली की कडा सोडायला लागते आणि ९०० च्या आत पूर्ण पाणी.

आता हार्ड डाख बघा. बनवणाऱ्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं पण साधारण ७४५ ला मऊ पडायला लागतो आणि नीट पळायला ७७० च्या वर जावं लागतं. म्हणजे डाख पळण्यात आणि सगळं वाहून जाण्यात तुमच्याकडे श्वास घ्यायलाही जागा नव्हती. नुसत्या चांदीवर चांदी असती तर चाललं असतं. तांब्यावर चांदी बसवताना इझी डाख घ्या, तो ७२० च्या आसपास पळून मोकळा होतो. ज्योत चांदीवर अजिबात नको, तांब्याच्या खालून द्या. टाकणखार आधी फुगतो, मग पांढरा चिकटतो आणि मग काचेसारखा पारदर्शक होतो, तो काच झाला की समजायचं जवळ आलोय, डाख चमकून पळाला की गन लगेच बाजूला. "अजून थोडं" हा मोह सोडा.

पितळेचा पांढरा धूर म्हणजे जस्त जळत होतं. तो धूर नाकात घेऊ नका, संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, फाउंड्रीवाल्यांना विचारा. आणि डाख घेताना कॅडमियम नसलेलाच मागा, त्याचा धूर जस्तापेक्षा कितीतरी वाईट, थेट फुप्फुसांवर जातो. बाल्कनी असली तरी पंखा बाहेरच्या दिशेने लावा.

जाता जाता, हाच प्रकार जपानी लोकांनी मुद्दाम कामाला लावलाय. तांबं, चांदी, सोनं यांचे पत्रे एकावर एक ठेवून दाबून तापवतात, डाख न लावता ते एकमेकांत रुजतात, मग तो ठोकळा खणून परत ठोकून सपाट केला की लाकडाच्या नसांसारखी नक्षी. मोकुमे-गाने म्हणतात. १७ व्या शतकात अकिताच्या शोआमी देनबेईने तलवारीच्या मुठीवरच्या कामासाठी सुरू केलं असं मानतात. आपण बाल्कनीत करायच्या भानगडीत पडू नये, पण बघण्यासारखं आहे.

---

सुईदोरा

बापरे पॉट आइस्क्रीम!! 😄 दोन वर्षं हे डोक्यात शिरत नव्हतं. धागा सेव्ह केलाय.

---

हुपरीवाला

ओवीताई, मी हुपरीचा, घरात तीन पिढ्या चांदीचं काम, पैंजण आणि साखळ्या. मी स्वतः आता नोकरी करतो पण हात गेलेला नाही. जस्तसाहेबांनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण माझा प्रश्न वेगळाच आहे. डाख देताच कशाला?

आमचे आजोबा म्हणायचे जे एका जातीचं ते झाळावं, जे दोन जातींचं ते ठोकावं. (धातूच्या जातीबद्दल बोलत होते हां, उगाच वाद नको.) तीन वेगळे धातू म्हणजे तिघांचा ताव वेगळा, तिघांचं फुगणं वेगळं, धुणं वेगळं. त्यांना एका जाळात घालायचा हट्ट का? रिबिट मारा, म्हणजे भोकातून तार ओवून दोन्ही टोकं ठोकून पसरवा.

कसं करायचं सांगतो, मला टाइप करायचा कंटाळा आहे पण हे नीट लिहितो. पत्रा पाऊण ते एक मिलिमीटर. तिन्ही तुकडे आधी पूर्ण फिनिश करून घ्या, खळगे, पॉलिश, काळं करायचं असेल तर तेही, कारण नंतर आत हात जात नाही. एक मिलिमीटरची तार घ्या, पितळेची किंवा चांदीची, लाल करून पाण्यात टाकून मऊ करून घ्या. भोक तारेच्या मापाचंच हवं, तार दाबून घुसली पाहिजे, सैल असेल तर ती आत वाकते आणि रिबिट कधीच घट्ट होत नाही, नव्वद टक्के लोकांचं इथेच फसतं. पहिलं एकच भोक पाडा, सगळे तुकडे त्यातून ओवा, रिबिट मारा, मग दुसरं भोक सगळ्यांतून एकदम आरपार. सगळी भोकं आधी पाडून ठेवलीत तर शेवटचं जुळणारच नाही, लिहून घ्या.

तार दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिलिमीटर बाहेर ठेवायची, जास्त नाही. टोक कानशीने सपाट. मग ऐरणीवर ठेवून बारीक हातोडीने, जोर न लावता, टिक टिक टिक, मधे नाही तर कडेकडेने, म्हणजे टोक छत्रीसारखं पसरतं. पाच-सहा ठोके झाले की उलटं करायचं. एकाच बाजूला ठोकत बसलात तर दुसरीकडून तार वर सरकते. आवाज बदलतो बघा, आधी बद्द येतो, घट्ट बसलं की टणक. तो आवाज आला की थांबा.

आता मोडीचं. सोनारकाकांचं चुकलं नाही. डाख दिलेला तीन धातूंचा दागिना मोडायला आला की तो मुशीत घालून आटवायचा, आणि त्यातून चांदी वेगळी काढायची म्हणजे ॲसिड आलं, खर्च आला, चार ग्रॅमसाठी कोण करणार. पण रिबिटाचा दागिना? डोकं कानशीने घासलं की दोन मिनिटांत चांदी चांदीच्या जागी आणि तांबं तांब्याच्या जागी. काट्यावर ठेवा आणि पैसे घ्या. बिलावर चांदीचं वजन वेगळं लिहा, तांब्या-पितळेचं वेगळं, मजुरी वेगळी. आणि आख्ख्या पेंडंटला ९२५ म्हणू नका, चांदीच्या भागाला म्हणा. आईंना सांगा, भेसळ म्हणजे लपवून घालतात ती, हे तर उघड्यावर खिळे मारून दाखवलंय.

एक राहिलं, डाख दिल्यावर धुवायला तेजाबात टाकताना लोखंडी चिमटा वापरता का? वापरत असाल तर बंद करा. तेजाबात तांबं उतरलेलं असतं, लोखंड गेलं की ते तांबं चांदीवर चढतं आणि चांदी गुलाबी होऊन बाहेर येते. तांब्याचा नाहीतर लाकडी चिमटा.

---

ओवी_ठाणे

जस्तदादा, हुपरीवाले दादा, दोघांनाही साष्टांग. लोखंडी चिमटाच वापरते 🙈 आणि गुलाबी चांदीचं कोडं पण सुटलं.

पण रिबिट... खरं सांगू का, डोळ्यासमोर कढईचा कान येतो. किंवा ट्रंकेचं कुलूप. नाजूक दिसेल का ते?

---

हुपरीवाला

लपवायला गेलात तर कढईच दिसेल. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे मांडा की. तांब्यावर पितळेचे तीन पिवळे ठिपके, पानाच्या शिरेवर एका ओळीत. त्यातले दोन नुसते शोभेचे असले तरी कोणाला कळणार.

---

उदगीरची_माती

इथे बिदरीचा विषय कसा काय नाही निघाला? आमच्या उदगीरपासून बिदर जवळच, लहानपणापासून बघतोय. तिथे तर धातूत धातू बसवायला डाख नाहीच आणि रिबिटही नाही. मूळ वस्तू जस्ताची, त्यात थोडं तांबं, ओतून केलेली. मग तिच्यावर छिन्नीने नक्षी खोदतात, खाच अशी की आत थोडी रुंद, आणि तीत शुद्ध चांदीची तार किंवा पत्रा ठेवून हातोडीने ठोकतात. चांदी मऊ, ती पसरून खाचेत जाऊन अडकते. बस. एवढ्यावर ती शंभर वर्षं राहते.

पण खरी गंमत शेवटी आहे. बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात कालवून त्यात वस्तू गरम करून ठेवतात, तर जस्ताचा भाग कोळशासारखा काळा होतो आणि चांदीला काही होत नाही, ती तशीच पांढरी. म्हणजे रंगाचा फरक वरून लावलेला नाहीये, धातूंच्या स्वभावातूनच काढलेला आहे. कारागीर म्हणे माती जिभेवर ठेवून चव घेऊन ठरवतात चालेल की नाही. ओवी, तुमच्या तांब्याच्या चकतीत छिन्नीने रेघ मारून चांदीची तार ठोकून बघा. जाळच नको.

---

मठार

विरोधी मत नोंदवते, कारण सगळे रिबिटाच्या प्रेमात पडलेले दिसतायत.

पुण्यात तांबट आळीत जाऊन येऊन मी मठारकाम शिकले, म्हणजे शिकले कसलं, बसून बघितलं आणि घरी येऊन पत्रे फुकट घालवले. मोठमोठ्या बंबांवर, हंड्यांवर जे एकसारखे चकाकते खळगे असतात ना, ते हातोडीचे ठोके, आणि त्यांचा एक ठोका दुसऱ्याला खेटून पडतो, मधे जागा राहत नाही आणि एकावर एकही येत नाही. माझ्या पेंडंटवर मात्र देवीचे व्रण दिसतात.

तर मुद्दा. मी दोन वर्षं रिबिटाचीच कानातली आणि पेंडंट केली, विकली. तक्रारी काय आल्या सांगते. एक, रिबिटाची कड नीट घासली नाही तर ओढणीचा धागा अडकतो, पैठणी असेल तर गिऱ्हाईक परत दारात उभं करत नाही. दोन, दोन पत्र्यांच्या मधे फट राहते, तीत घाम जातो, साबण जातो, आणि मे महिन्यात त्या फटीतून हिरवं बाहेर यायला लागतं. डाखाच्या दागिन्यात फटच नसते. त्यामुळे मी आता चांदीवर चांदी डाखाने करते, तांब्याचा तुकडा रिबिटाने, आणि फट असेल तर पितळेच्या नळीचे छोटे तुकडे मधे घालून सरळ दोन-तीन मिलिमीटर मोकळीच सोडते. एकतर पूर्ण बंद नाहीतर पूर्ण उघडी, हवा खेळली पाहिजे. किंचित फट सगळ्यात वाईट.

---

जस्त_फॉर_फन

मठारताईंचं एकदम बरोबर. घाम म्हणजे मिठाचं पाणी, त्यात चांदी आणि तांबं एकमेकांना टेकलेले, झाला की बॅटरीसारखा छोटासा सेल तयार. त्या दोघांत झीज होते ती तांब्याचीच, आणि एकटं असतं त्यापेक्षा जास्त वेगाने. म्हणून हिरवं जोडाच्या कडेला आधी दिसतं.

---

घालणारी_मी_एकटीच

मी काही बनवत नाही, फक्त विकत घेते आणि घालते, तर गिऱ्हाईकाच्या बाजूने दोन शब्द.

गळा हिरवा होणं याला घाबरू नका, साबणाने जातं, तांब्याचं कडं घालणारे अर्धे काका हिरवं मनगट घेऊन फिरतात. पण सांगून विकत जा. मला ज्या ताईंनी सांगितलं होतं की मागच्या बाजूला चांदीचा पत्रा आहे, कातडीला फक्त चांदीच लागेल, त्यांच्याकडूनच मी तीन वेळा घेतलंय. कानातल्याची दांडी तर चांदीचीच पाहिजे. जर्मन सिल्व्हरची नको हं, नाव सिल्व्हर पण चांदी शून्य, तांबं, जस्त आणि निकेल, आणि माझ्यासारख्यांचे कान निकेलने दोन तासांत सुजतात.

आणि साफ कसं करायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या प्लीज. मी काय केलं ऐका. सुंदर काळपट केलेलं चांदी-तांब्याचं पेंडंट होतं, खळग्यांत काळं आणि उंचवट्यावर चमक असं. व्हिडिओ बघून ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी यात टाकलं. दहा मिनिटांत चांदीचं सगळं काळं गेलं, म्हणजे मुद्दाम केलेलं पण गेलं, पान नुसतं सपाट पांढरं. मग तांबं मळकं वाटायला लागलं म्हणून चिंच-मीठ चोळलं, ते झालं नव्या तांब्यासारखं गुलाबी, आणि मिठाचे ओरखडे चांदीवर. बनवणाऱ्या ताईंना फोटो पाठवायची हिंमत झाली नाही अजून.

---

मठार

अहो पाठवा फोटो! परत काळं करणं अर्ध्या तासाचं काम आहे. घरच्या घरी पण होतं, अंडं कडक उकडून गरम गरम असतानाच फोडून डब्यात ठेवायचं, दागिना शेजारी, अंड्याला टेकू द्यायचा नाही, झाकण घट्ट. उकडलेल्या अंड्यातल्या गंधकाने होतं ते. तांबं भराभर काळं पडतं, चांदी हळूहळू, आधी सोनेरी मग जांभळट मग करडी, आणि पितळ जवळपास तसंच पिवळं राहतं. ओवी, तुझ्या तीन धातूंसाठी हे अगदी फिट आहे, एकाच डब्यात तीन रंग. मग मऊ कापडाने फक्त उंचवटे पुसायचे आणि वरून मेणाचा पातळ हात. नेलपेंट लावू नका कोणी, महिन्याने पापुद्रे निघतात आणि त्याखाली ठिपके ठिपके.

---

ओवी_ठाणे

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, ऑफिसमधून वेळच मिळत नव्हता.

पहिला प्रयत्न गेला. तिसऱ्या रिबिटाला टणक आवाज आला होता तरी अजून दोन ठोके मारले, चकती बशीसारखी वाकली. (अजून थोडं!! जस्तदादा हसा.)

दुसरा जमला. तांब्याची चकती, चांदीचं पान, पितळेच्या तारेचे तीन ठिपके पानाच्या शिरेवर. मधे नळीचे तुकडे घालून दोन मिलिमीटर मोकळं ठेवलंय त्यामुळे पानाची सावली तांब्यावर पडते, हे मी ठरवलंच नव्हतं, आपोआप आलं आणि तेच सगळ्यात छान दिसतंय. मागे पातळ चांदीचा पत्रा. अंड्याच्या डब्यात चार तास ठेवलं, तांबं जवळजवळ चॉकलेटी-काळं, पान करडं, आणि पितळेचे ठिपके खरंच पिवळेच्या पिवळे. कोर मात्र काढून टाकली, तीन धातूंत चौथी भानगड नको.

सोनारकाकांकडे घेऊन गेले. त्यांनी भिंग लावलं, उलटं करून बघितलं, रिबिट नखाने चाचपलं आणि विचारलं "चांदी किती?" म्हटलं पान आणि मागचा पत्रा मिळून ७ ग्रॅम २००, चिठ्ठीवर लिहिलंय. म्हणाले, मग तेवढ्याची देईन मोड, पण डोकी तू घासून आणायची, माझ्या पोराला वेळ नाही.

आता पुढचा नंबर कानातल्यांचा. उदगीरवाले दादा, तांब्यात चांदीची तार ठोकायला छिन्नीचं टोक किती मिलिमीटरचं घेऊ? आणि अंड्याचा वास डब्यातून कसा घालवायचा कोणाला माहितीय का, तो आईचा पापडाचा डबा होता.